स्वालबार्डला किती स्वेटर न्यायचे?

पत्र: मी परभणीची. मृदाशास्त्रात एमएस्सी करतेय. गोठलेल्या जमिनीतल्या जीवाणूंच्या अभ्यासासाठी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून पाच आठवडे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, लाँगयिअरब्येन गावी जायची संधी मिळाली आहे. निम्मे दिवस बाहेर, बर्फावरच्या स्कूटरने जाऊन नमुने घ्यायचे आहेत. आईने चार स्वेटर विणायला घेतलेत. मामा म्हणतो, जालन्यातल्या कोल्ड स्टोरेजमध्ये रोज तासभर बसून सवय कर. आजीचं म्हणणं, तोंडाला खोबरेल चोपडलं की गारठा आत शिरत नाही. मी पाच अंशांखालची थंडी कधी पाहिलेली नाही. हिवाळ्यात माझे हात-पाय गार पडतात आणि गेल्या वर्षी रक्त कमी निघालं होतं. नेमकं काय न्यायचं, काय शिकायचं, आणि मला ते झेपेल का?

उत्तर:

झेपेल. हे नुसता धीर द्यायला लिहीत नाही. लाँगयिअरब्येन ७८ अंश उत्तर अक्षांशावर असलं तरी तिथं अडीच हजारांच्या आसपास माणसं राहतात, पोरं शाळेत जातात, आणि घरं आतून आपल्या डिसेंबरातल्या घरांपेक्षा कितीतरी उबदार असतात. तू जाशील त्या दिवसांत पारा बहुतेक उणे १० ते उणे २० च्या दरम्यान असेल. उणे ३० च्या जवळचे दिवसही येऊ शकतात. मार्च १९८६ मध्ये तिथल्या विमानतळावर उणे ४६.३ अंशांची नोंद झालेली आहे. उलट, समुद्रावरून उबदार वारं आलं तर भर हिवाळ्यात पाऊस पडतो आणि गावातल्या रस्त्यांवर काचेसारखा बर्फ धरतो. त्यामुळे तयारी एका आकड्याची करू नकोस. शून्यापासून उणे ३० पर्यंत कमी-जास्त करता येतील असे कपडे हवेत.

तापमानाबरोबर वाऱ्याचा आकडा पाहायची सवय लाव. उणे २० ला ताशी ३० किलोमीटरचं वारं असेल तर उघड्या कातडीला ते उणे ३३ सारखं लागतं. वारं अजिबात नसलं तरी स्कूटर ताशी ४० ने निघाली की वारं तूच तयार करतेस, आणि तोच उणे २० चा दिवस उणे ३४ सारखा होतो. अशा थंडीत उघडं नाक, गाल किंवा मनगटाची पट्टी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. स्कूटरवर बसण्याआधी हेल्मेट आणि गळपट्टी यांच्यामध्ये, हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये कातडी कुठं उघडी राहिली का, हे जोडीदाराकडून बघून घ्यायचं आणि त्याचं आपण बघायचं.

आता आईचे स्वेटर. चारांतला एकच ने, आणि तोही लोकर खरी असेल तरच. आपल्याकडच्या माणसाची ध्रुवाकडे जाऊन होणारी पहिली चूक कमी कपड्यांची नसतेच, जास्त कपड्यांची असते. थंडीच्या धास्तीने सगळं अंगावर चढवून बाहेर पडायचं, दहा मिनिटांच्या चढात पाठ भिजवायची, आणि नमुना घ्यायला अर्धा तास थांबलं की त्याच घामाने गारठायचं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. भिजलेला स्वेटर उणे २० ला तुला ऊब देत नाही, तुझीच ऊब पिऊन टाकतो. म्हणून खरी राखण घामाची करायची.

यातूनच सुती कपड्याचा नियम निघतो. सूत घाम धरून ठेवतं आणि वाळत नाही. वैशाखात तोच आपल्याला गारवा देणारा गुण तिथं घात करतो. बनियन, सुती लेगिंग, सुती मोजे, जीन्स बाहेरच्या कामाला अजिबात नकोत. आतली वस्त्रंही त्यात आली. सुती ब्रा पाठीवर पट्टीभर ओली राहते आणि दिवसभर नेमकी तीच जागा गारठवत राहते, तेव्हा ती कृत्रिम धाग्याची किंवा मेरिनो लोकरीची (मेरिनो मेंढीची मऊ, बारीक लोकर) घे.

कापड ओळखायला दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस. हिवाळ्यात गावोगावी लागणाऱ्या स्वेटरांच्या बाजारातही ‘प्युअर वुलन’ म्हणून सर्रास ॲक्रिलिक मिळतं. शिवणीतून दोन धागे ओढून चिमट्यात धर आणि काडी लाव. सूत कागदासारखं भुरकन जळतं आणि मऊ राख राहते. लोकर कुरकुरत जळते, केस जळल्याचा वास येतो आणि ज्योत बाजूला घेतली की बहुधा विझते. ॲक्रिलिक वितळून त्याचा काळा कडक मणी होतो. आईच्या लोकरीच्या गुंड्यांवरही हे करून बघ. ॲक्रिलिक निघालं तरी तो स्वेटर गावात, घरात घालायला चांगलाच आहे. बाहेरच्या कामाला मात्र लोकर किंवा फ्लीस, म्हणजे लवदार, उबदार कृत्रिम कापड.

सामानाचं गणित असं मांड. अंगालगत तीन जोड, त्यातले दोन मेरिनोचे, दर चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपासचे, आणि एक पातळ कृत्रिम धाग्याचा, चढाच्या दिवसांसाठी. तो अंगाला चिकटून बसला पाहिजे, सैल नको. त्यावर फ्लीसचं एक जॅकेट आणि आईचा एक स्वेटर, दोन्ही एकदम घालता येतील असे. पायांना फ्लीसची एक विजार. सगळ्यांवरून चढेल असं कानटोपीसकटचं जाड जॅकेट, पिसांचं किंवा कृत्रिम भरणाचं. पिसांचं हलकं आणि जास्त उबदार असतं, पण ओलं झालं की लगदा होतो. तुझ्या पाच आठवड्यांत पाऊसही शक्य आहे, म्हणून आम्ही कृत्रिम भरणाचं सुचवू. सर्वांत बाहेर वारा अडवणारं पातळ कवच, जॅकेट आणि विजार. पायांचे पातळ मोजे चार जोड, जाड लोकरी तीन. कान पूर्ण झाकणाऱ्या दोन टोप्या, एक माकडटोपी, आणि गळपट्ट्या तीन, कारण श्वासाच्या दमटपणाने एक सतत गोठून पत्र्यासारखी होते आणि ती बदलावी लागते.

खरेदीला बाहेर पडण्याआधी बोलावणाऱ्या संस्थेला एक मेल टाक: स्कूटरचा सूट, हेल्मेट, गॉगल, बूट आणि बाहेरचे मोठे हातमोजे यांतलं तुम्ही काय देता, आणि कोणत्या मापात? तिथल्या संस्था यातलं बरंच काही वापरायला देतात. हे न विचारता लोक पुण्या-मुंबईत जाऊन सर्वांत महागडा बाहेरचा थर घेऊन येतात आणि अंगालगतच्या कपड्यांत काटकसर करतात. पैसे जायचेच असतील तर आतल्या थरावर आणि मोज्यांवर जाऊ देत. ते तुझे तुलाच लागणार.

कपडे घालण्यापेक्षा ते काढ-घाल करण्याचं तंत्र मोठं. चालायला निघताना पहिली पाच-दहा मिनिटं थोडी हुडहुडी वाटली पाहिजे. निघतानाच मस्त ऊब वाटत असेल तर एक थर जास्त आहे. चढ सुरू होण्याआधी जाड जॅकेट काढून पिशवीत टाक आणि अंगातल्या कपड्याची गळ्याजवळची चेन उघड. थांबलीस की उलटा क्रम: आधी जॅकेट अंगावर, मग पाणी, मग काम. थंडी वाजायला लागल्यावर जॅकेट शोधायचं, तर तोवर उशीर झालेला असतो. स्कूटरवरून जाताना अंग हलत नाही, त्यामुळे तिथं सगळे थर लागतात. उतरून फावडं हातात घेतलं की पाच मिनिटांत दोन थर नको होतात. दिवसातून आठ-दहा वेळा ही काढ-घाल करायचा कंटाळा जिने केला ती संध्याकाळी थरथरत परत येते.

हातांवर जरा सविस्तर लिहितो, कारण तुझं काम बोटांचं आहे आणि तुझे हात गार पडतात. तीन थर कर. आत पातळ मेरिनोचा किंवा कृत्रिम धाग्याचा मोजा, जो बाहेर असताना कधीच काढायचा नाही. त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा. त्यावर वारा अडवणारा, चार बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा असा मोठा मिटन. बोटं एकमेकांना लागून राहिली की ऊब टिकते, म्हणून पाच बोटांचा महागडा मोजाही मिटनची बरोबरी करत नाही. पातळ हातमोजे तीन जोड, मधले दोन, मिटन दोन. जास्तीची जोडी पिशवीच्या तळाशी नाही, जॅकेटच्या आतल्या खिशात. मिटनला लहान पोरांच्या मोज्यांसारखी दोरी लावून ती बाह्यांतून किंवा मनगटावर अडकव. वारं वाहत असताना खाली ठेवलेला मिटन उडाला की परत मिळत नाही, आणि मिटन नसेल तर त्या दिवसाचं काम तिथंच थांबतं. काढलेला मिटन बर्फावर ठेवायचा नाही, छातीशी जॅकेटमध्ये सारायचा.

बोटं दुखू लागण्याची वाट पाहू नकोस. ती बधिर वाटताच हात सरळ करून खांद्यापासून वीस-तीस वेळा जोरात गोल फिरव. रक्त टोकापर्यंत ढकललं जातं. त्यानेही भागलं नाही तर तळवे कपड्यांच्या आत काखेत धर. आणि उघड्या हाताने धातूला कधीच हात नको. माती काढायच्या नळीचा दांडा, स्कूटरची किल्ली, बाटलीचं झाकण, सगळ्यांवर आधीच कापडी पट्टी गुंडाळून ठेव. तुझ्या प्रत्येक चेनला आठ-दहा सेंटिमीटरची नाडी बांधायचं काम मात्र आजच कर. मिटन घालून चेनची ती बारकी पट्टी सापडत नाही, आणि मग माणूस मोजा काढतो.

पायांचं तत्त्व एकच: घट्ट बूट म्हणजे गार पाय. दोन मोज्यांवर बूट आवळून बसला की रक्तही अडतं आणि ऊब धरणारी हवाही उरत नाही. नेहमीच्या मापापेक्षा एक ते दीड माप मोठा घे, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, दोन्ही मोजे घालून बघ. बोटं मोकळी वळवळली पाहिजेत. आतलं जाड अस्तर काढता येणारा बूट असेल तर उत्तम. ते अस्तर रोज रात्री बाहेर काढून वाळव, हीटरला चिकटवून नाही, हातभर अंतरावर. गारठा खालून, बर्फातून वर चढतो, म्हणून तळव्यात लोकरीचं एक जास्तीचं अस्तर घाल. घरात जुनी घोंगडी असेल तर तिचे दोन तुकडे बुटाच्या मापाने कापून ने. आपल्या धनगरी मेंढ्यांची ती राठ लोकर पायाखाली दबली तरी बरीच हवा धरून ठेवते. फक्त त्याने बूट घट्ट होत असेल तर ते काढून टाक. लाँगयिअरब्येनमध्ये बऱ्याच इमारतींत बूट दाराशी काढायची रीत आहे. कोळशाच्या खाणींच्या दिवसांत काजळी आत येऊ नये म्हणून ती पडली. आपल्या घरासारखंच. आत घालायला एक जोड सपाता ठेव.

आजीचं खोबरेल. आजीला सांग, ते अंघोळीनंतर कोरड्या कातडीला लावायला चांगलंच आहे, तिथली हवा फार कोरडी असते. पण त्याने गारठा अडत नाही. तेलाचा किंवा क्रीमचा थर कातडीला गोठण्यापासून वाचवत नाही, उलट आपण सुरक्षित आहोत असा खोटा भरवसा देतो. शिवाय खोबरेल २४ अंशांच्या आसपासच थिजतं, परभणीतसुद्धा डिसेंबरात बाटली चुलीजवळ ठेवावी लागते. रात्री मॉइश्चरायझर, ओठांना मेणाचा बाम आणि मार्चमध्ये उन्हाचं क्रीम, एवढं पुरे. ऊन हसण्यावारी नेऊ नकोस. तू पोचशील तेव्हा सूर्य नुकताच क्षितिजावर येत असतो आणि गाव डोंगरांच्या आड असल्याने तिथं पहिलं ऊन ८ मार्चच्या सुमाराला पडतं. पण महिनाअखेरीस दिवस लांबलचक होतो आणि बर्फावरून परतणारं ऊन डोळे जाळतं. गडद, बाजूंनी बंद चष्मा हवाच.

कानातलं, चमकी, बांगडी, गळ्यातली साखळी बाहेरच्या कामाला काढून ठेव. धातू गार होतो आणि नेमका त्या जागेला चटका देतो. भोक बुजायची भीती असेल तर मऊ प्लास्टिकची काडी घाल, आपल्याकडे पोरींच्या कानात कडुलिंबाची काडी घालतात तसं. केसांचा अंबाडा हेल्मेटमध्ये मावत नाही, सैल वेणी घाल. बाहेर जायच्या सकाळी केस धुवायचे नाहीत. ओले केस दाराबाहेर दोन मिनिटांत कडक होतात.

मामाला मात्र ठामपणे नाही म्हण. माणसाचं शरीर उन्हाला जसं सरावतं तसं थंडीला फारसं सरावत नाही. तासभर बसून मिळणारा फायदा नगण्य आहे. मोसंबी-द्राक्षांची कोल्ड स्टोरेज शून्याच्या जरा वर चालतात, तिथं ना वारं असतं ना उणे २०. आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी अमोनियावर चालणारी यंत्रणा असते. गळती झाली तर आत एकटी बसलेली मुलगी अडकते. त्या तासात दुसरं काही कर.

वावरात नांगरट झालेली असेल तर ढेकळांतून चाल. बर्फात पाय जसा अवघड पडतो तसाच ढेकळांत पडतो. पाठीवर सहा ते आठ किलोची पिशवी, आठवड्यातून चार दिवस, पाऊण तास. पण दमण्यासाठी चालायचं नाही. पहाटेच्या गारव्यात पाठ ओली न होता किती वेगाने चालता येतं ते शोधायचं. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. तिथं हाच वेग तुला कोरडी ठेवेल. घरी हातमोज्यांचे तीन थर घालून गाठ मारणं, झाकण फिरवणं, नमुन्याची पिशवी बंद करून तिच्यावर क्रमांक टाकणं, बुटाची नाडी बांधणं, हे रोज दहा मिनिटं कर. पहिल्या दिवशी रडू येईल, पंधराव्या दिवशी जमेल.

आणि ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये एक रात्र जागा माग. तो बहुधा उणे १८ च्या आसपास चालतो, म्हणजे तुझ्या कामाच्या दिवसाइतकाच. त्यात बंद झिप पिशवीत पेन, मार्कर, पेन्सिल, चिकटपट्टी, नमुन्याच्या प्लास्टिक पिशव्या ठेव. सकाळी बघ: बॉलपेन लिहीत नाही, मार्कर फिका उमटतो, स्वस्त पिशवी दुमडल्यावर तडकते, पट्टी चिकटत नाही. मऊ शिशाची पेन्सिल सगळ्यांना पुरून उरते. हे तिथं बर्फात कळण्यापेक्षा परभणीत कळलेलं बरं. फोनची बॅटरी गार झाली की ४० टक्के दाखवत असतानाही एकदम बंद पडू शकते. तो आतल्या खिशात अंगालगत ठेवायचा आणि गोठलेला असताना चार्जिंगला लावायचा नाही, बॅटरी कायमची खराब होते. बाहेरून उबदार खोलीत येताना कॅमेरा आणि फोन दाराबाहेरच झिप पिशवीत बंद कर आणि तासाभराने उघड. नाहीतर आतल्या हवेतलं पाणी थेट त्यांच्या भिंगांवर आणि आत धरतं.

रक्ताचं काम मात्र उद्याच हाती घे. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची तपासणी कर. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर हात-पाय गार पडण्याचं ते एक कारण असू शकतं, आणि ते गोळ्यांनी भरून यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून थांबायला वेळ नाही. लोहाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, लिंबूपाण्याबरोबर घे. चहा आधी-नंतर तासभर टाळ, तो लोह शोषू देत नाही. डॉक्टरांना हेही नेमकं सांग: थंडीत बोटं नुसती गार होतात, की एखाद-दुसरं बोट रेघ मारल्यासारखं पांढरं पडतं, मग निळसर आणि मग लाल होतं? दुसरं असेल तर तो रक्तवाहिन्या आवळण्याचा वेगळा विकार आहे. तो घेऊनही लोक जातात, पण संस्थेला तो आधी माहीत असला पाहिजे. दमा असेल तर पंपही आतल्या खिशात.

हिमदंशाची सुरुवात दुखण्याने होत नाही, दुखणं थांबण्याने होते. नाकावर, गालावर, कानाच्या पाळीवर मेणासारखा पांढरट ठिपका दिसतो आणि ज्याला झालाय त्याला तो कळत नाही. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी एकमेकींचे चेहरे पाहायचे. ठिपका दिसला की उबदार तळवा त्यावर नुसता ठेवायचा. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. गोठलेल्या भागात बर्फाचे सुईसारखे स्फटिक असतात, चोळल्याने ते पेशी फाडतात. बोट कडक, लाकडासारखं झालं असेल तर ते तसंच झाकून परत यायचं, आणि पुन्हा गोठणार नाही अशा जागी पोचल्यावरच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ऊब द्यायची. शेकोटीवर धरायचं नाही, बधिर बोटाला भाजल्याचंही कळत नाही. जोडीदार अडखळत बोलू लागला, चेन लावता येईना, विनाकारण चिडला किंवा गप्प झाला, तर त्याचं अंग आतून गार होतंय. थरथर थांबली पण माणूस ऊबेत आलेला नाही, ही त्याहून धोक्याची खूण. तेव्हा काम सोडायचं, वाऱ्याच्या आडोशाला न्यायचं, ओलं काढून कोरडं घालायचं, खाली जाड काहीतरी अंथरायचं, शुद्धीत असेल तर गोड गरम पाजायचं. दारू कुणी औषध म्हणून देऊ केली तर नको म्हण. तिने कातडीकडचं रक्त वाढतं, ऊब वाटते, आणि अंगातली ऊब बाहेर जाते.

पत्रात विचारायला संकोच वाटला असेल ते आपणच लिहितो. बाहेर लघवीला जावं लागू नये म्हणून मुली पाणी कमी पितात. तसं करू नकोस. थंडीत तहान कळत नाही आणि प्रत्येक श्वासाबरोबर पाणी जात असतं. कमी पाण्याने रक्ताभिसरण मंदावतं आणि बोटं आधी गोठतात. दिवसाला अडीच-तीन लिटर पी. विजार निवडताना मागून किंवा बाजूने चेन उघडणारी बघ, म्हणजे खांद्यापर्यंतचं सगळं उतरवावं लागत नाही. पाळीचे पॅड पाच आठवड्यांना पुरतील एवढे इथूनच ने, बाहेर वापरलेले जाड काळ्या झिप पिशवीतून परत आणायचे. पहिल्या दिवशीच गटातल्या मुख्य व्यक्तीला सांग की दर दोन तासांनी थांबावं लागेल. तिथं हे कुणाला वावगं वाटत नाही.

पाणी लिटरभराच्या थर्मासमध्ये, गरम. साधी बाटली असेल तर पिशवीत उलटी ठेव. बर्फ वरून धरतो, म्हणजे तोंडाशी पाणी राहील. खाण्यात संक्रांतीची शेंगदाणा-तिळाची चिक्की उत्तम, पण उणे २० ला ती दगड होते आणि दात जातो. इथूनच बोराएवढे तुकडे करून आतल्या खिशात ठेव. कारळाची, जवसाची, लसणाची चटणी पॅकबंद करून मोठ्या सामानात जाईल. तूप, पेढे, खवा मात्र नको. युरोपाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ खासगी सामानात नॉर्वेत नेता येत नाहीत, आणि कुंथलगिरीचा पेढा विमानतळावरच्या टोपलीत टाकताना वाईट वाटेल.

तू मातीची विद्यार्थिनी, म्हणून हे जास्त आग्रहाने. स्वालबार्डला येणाऱ्यांच्या बुटांच्या तळव्यांत बिया सापडल्या आहेत, आणि त्यांतल्या काही उगवल्याही आहेत. आपली काळी माती बुटाच्या खाचांत घट्ट बसते आणि तिच्यात गाजरगवताचं बी असू शकतं. बूट टूथब्रशने घासून गरम पाण्याने धुवून, वाळवून ने. पिशवीचे कोपरे उलटे करून झटक, व्हेल्क्रोच्या काट्यांतली कुसळं आणि गोखरू चिमट्याने काढ. घोंगडीचे तुकडेही असेच तपासून.

कागदपत्रांत एकच सापळा आहे. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्राच्या, बाहेर आहे आणि वाट नॉर्वेच्या मुख्य भूमीवरच्या ऑस्लो-ट्रॉम्सोवरून जाते. म्हणजे शेंगेनमध्ये तू दोनदा शिरतेस, जाताना आणि येताना. निदान दोन प्रवेशांचा शेंगेन व्हिसा हवा. पासपोर्ट परत आला की प्रवेशांच्या रकान्यात ०१ नाही ना, ते तिथल्या तिथं पाहा. विमा शेंगेनच्या नियमाप्रमाणे किमान ३०,००० युरोचा लागतो. त्यात शोध, बचाव आणि हवाई रुग्णवाहतूक येते का ते लेखी विचार, कारण गावातलं रुग्णालय छोटं आहे आणि गंभीर रुग्ण ट्रॉम्सोला न्यावा लागतो. लाँगयिअरब्येनला विमानातून उतरून उघड्यावरूनच चालावं लागतं, म्हणून जाड जॅकेट, टोपी, हातमोजे आणि अंगालगतचा एक जोड हातातल्या सामानात. मोठी बॅग मागे राहिली तरी दोन दिवस निभेल. वस्तीबाहेर पांढऱ्या अस्वलांसाठी बंदूक आणि इशाऱ्याचे बार सोबत असतात. ती जबाबदारी संस्थेची, पण प्रशिक्षणाचा दिवस चुकवू नकोस. अस्वलापासून ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर दूर राहायचा तिथला कायदा आहे. फोटोसाठी त्याहून जवळ जायचं नाही.

आईला विणायचंच असेल तर उरलेल्या लोकरीतून मनगटपट्ट्या विणायला सांग: पंधरा सेंटिमीटर लांब, अंगठ्याला एक भोक, दोन जोड. बाही आणि हातमोजा यांच्यातली फट त्याने बुजते. चार स्वेटरांपेक्षा तुझ्या बोटांना त्यांचा जास्त उपयोग होईल. आणि तिला हेही आत्ताच सांगून ठेव की वस्तीपासून दूर गेलं की फोन लागत नाही. बाहेरच्या दिवशी तू संध्याकाळी सातला परतून फोन करशील तेव्हा परभणीत रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतील. त्याआधी फोन आला नाही म्हणून तिने जागरण करत काळजी करू नये.